पाय चुकला नव्हता

हे तुम्हाला सांगतोय ते माझ्या बायकोलासुद्धा मी अजून स्वतःच्या तोंडानं सांगितलेलं नाही. एवढी वर्षं एका घरात काढली, पण हा विषय निघाला की मी उठून पाणी प्यायला जायचो. आज उठणार नाही. मधेच अडखळलो तर समजून घ्या — नाही, समजून नका घेऊ. नुसतं ऐका.

मी दत्ता. पैठण रस्त्यावर, चितेगावच्या अलीकडं, माझं गॅरेज. आता गुडघे गेले, पुतण्या सगळं बघतो आणि मी दारात खुर्ची टाकून बसतो. काम शिकलो ते शहरात, करीम उस्तादांच्या हाताखाली. त्यांनी मला आवाज ऐकायला शिकवलं. लांब पेचकसाचं, म्हणजे स्क्रू ड्रायव्हरचं, टोक चालू इंजिनवर टेकवायचं, मूठ कानाच्या हाडाला लावायची आणि डोळे मिटायचे. कुठला आवाज कुठून येतो ते हळूहळू कळायला लागतं. मला ते लई लवकर जमलं. पुढं माझं नावच तसं झालं — दत्ता मिस्त्री कान लावतो आणि सांगतो. लांबलांबून लोक यायचे.

आणि एका गाडीचा आवाज मी ऐकला, बरोबर ओळखला, आणि खोटं सांगितलं.

गाडी सूर्यभानरावांची. पांढरी अँबेसिडर, तेव्हाच जुनी होती. सूर्यभानराव चितेगावच्या एका कारखान्यात सुपरवायझर होते. राहायला शहरात, जाता-येता माझ्या दारावरून. माणूस दणकट, आवाज मोठा, चार लोकांत वजन असलेला. त्यांच्या शब्दावर कारखान्यातले कितीतरी लोक माझ्याकडं गाड्या घेऊन यायला लागले होते. त्यांच्या पत्नी मंगलाताई, शाळेत शिकवायच्या. एकदा गाडी न्यायला दोघं आले होते. सूर्यभानराव बाहेर कुणाशी तरी बोलत होते, तेवढ्यात ताई मला हळूच म्हणाल्या, “भाऊ, मला गाडी शिकवाल?”

त्या काळात आमच्याकडं बाई स्कूटरवर दिसली तरी लोक मान वळवून बघायचे. एवढी थोराड गाडी बाईनं चालवायची म्हणजे — मी आधी हसलो. त्या हसल्या नाहीत. त्यांची आई लासूर स्टेशनला एकटी राहायची, नजर अधू झाली होती. नवऱ्याला सुट्टी असेल तेव्हाच जायचं, हे ताईंना नको होतं. मनात आलं की निघता आलं पाहिजे, एवढंच त्या म्हणाल्या.

मी शिकवलं. सकाळी, शाळेच्या आधी, रेल्वे स्टेशनच्या पलीकडच्या मोकळ्या मैदानात. समोरचं नीट दिसावं म्हणून त्या खाली उशी घ्यायच्या. वर्गात शिकवल्यासारखं स्वतःशीच मोठ्यानं बोलायच्या — क्लच दाबा, गियर टाका, आता हळू. चूक झाली की “पुन्हा” म्हणायच्या आणि पुन्हा करायच्या. माझ्या आयुष्यात मी कितीतरी जणांना गाडी शिकवली. इतका पक्का पाय मी दुसऱ्या कुणाचा पाहिला नाही. हे लक्षात ठेवा. मला तर ते तेव्हाही ठाऊक होतं.

पहिल्यांदा लासूरला गेलो तेव्हा मी शेजारी बसलो होतो. आई दारात आल्या, चाचपत गाडीपाशी गेल्या, गरम बोनेटवर तळहात ठेवून उभ्या राहिल्या. “तू आणलीस?” एवढंच विचारलं. ताई व्हय म्हणाल्या. मग त्या माउलीनं मलाही बसवून जेवायला घातलं. जेवताना लेकीकडं तोंड करून बसल्या होत्या. दिसत नव्हतं, तरी.

बघा, मी फिरून फिरून त्यांच्या चांगल्या गोष्टींकडंच जातोय. नटापाशी यायला नको वाटतं.

तर नट. ताई शिकल्या त्याच साली गाडीचं इंजिन माझ्याकडं पूर्ण उतरवून काम केलं. परत बसवताना इंजिन खालच्या दोन रबरी आधारांवर ठेवतात. माउंटिंग म्हणतात त्याला. बोल्टवर नट चढवून तो आवळून घ्यायचा. एका बाजूचा नट मी आवळला. दुसऱ्या बाजूचा हातानं फिरवून ठेवला, पाना मागाहून लावू म्हटलं, आणि बाहेर येऊन एका गिऱ्हाइकाला आपली हुशारी सांगत बसलो. घाई होती का? नव्हती. कुणी बोलावलं होतं का? नाही. मी बढाया मारत होतो, आणि नंतर तो नट विसरलो. बस.

काही दिवसांनी ताई रस्त्यात भेटल्या. म्हणाल्या, पहिल्या गियरात गाडी उचलली की पुढून खरखर येते. मी म्हटलं, नवीन काम आहे, बसेल हळूहळू. गाडी आणा, बघतो — इतकंसुद्धा म्हणालो नाही.

आणि मग शहरात, औरंगपुऱ्याच्या बाजारात ते झालं.

ताई एकट्याच गेल्या होत्या, शाळेसाठी काही सामान आणायला. गर्दीतून पहिल्या गियरात गाडी हळूहळू चालली होती. पुढची वाट मोकळी झाली म्हणून त्यांनी क्लच सोडला, तशी गाडीनं एकदम उसळी घेतली. त्यांनी ब्रेक दाबला, तरी गाडी ओढत राहिली, आणि कापडाच्या दुकानापुढच्या लाकडी बाकावर जाऊन आदळली. बाक मोडला, शेजारची सायकल वाकली, गाडीचा बंपर थोडा आत गेला. लागलं कुणालाच नाही. पण त्या बाकावर एक वयस्कर गृहस्थ बसलेले असायचे, ते नेमके पान थुंकायला उठून कडेला गेले होते. ते परत आले आणि मोडलेल्या बाकाकडं बघत उभे राहिले. ताईंना नंतर वर्षानुवर्षं तो बाक दिसायचा, असं त्या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी सूर्यभानराव स्वतः गाडी घेऊन माझ्याकडं आले. ताई शेजारी बसलेल्या, मान खाली. सूर्यभानराव म्हणाले, बंपर राहू दे, पण ठोकल्यापासून इंजिन भलताच आवाज करतंय, ते आधी बघ.

मी बोनेट उघडलं. गाडी उभ्या उभ्या चालू ठेवली तर आवाज नाही. पेचकस लावून सगळीकडून ऐकलं, आत सगळं ठीक. मग सूर्यभानरावांना आत बसवलं, ब्रेक घट्ट दाबून पहिल्या गियरात क्लच थोडासा सोडा म्हटलं. त्यांनी सोडला, आणि माझ्या डोळ्यांसमोर सबंध इंजिन एका बाजूनं वर उचललं गेलं. खर्रर्र — पंख्याचं पातं भोवतीच्या पत्र्याला घासलं. क्लच दाबला की इंजिन खाली, आवाज बंद.

गाडीखाली शिरलो. त्या बाजूच्या बोल्टवर नट नव्हता. धक्क्यानं तुटला असता तर बोल्ट मोडला असता, आटे खराब झाले असते. आटे जसेच्या तसे होते. नट आपोआप फिरत फिरत निघून गेला होता, कारण तो कधी आवळलाच नव्हता. वर येऊन पत्रा पाहिला. पात्यानं घासलेली रेघ होती, आणि रेघेत तांबूस गंज धरलेला. एका दिवसात गंज धरत नाही. घासणं ठोकायच्या कितीतरी आधीपासून चालू होतं. ताईंनी मला सांगितलं होतं तेव्हापासून.

आणि मग तिसरी गोष्ट दिसली. त्या गाडीत पेडलपासून इंजिनपर्यंत एक सळई जाते, पेडल दाबलं की ती ओढली जाते आणि इंजिनला जास्त पेट्रोल मिळतं. इंजिनच वर उचललं गेलं तर? तर पेडलला पाय न लावतासुद्धा सळई ओढली जाते. गाडी स्वतःच उसळी घेते. ब्रेक दाबला तरी ओढत राहते.

म्हणजे धडकेमुळं आवाज आला नव्हता. ज्याचा आवाज येत होता त्याच्यामुळं धडक झाली होती.

मी हात पुसत उभा राहिलो. सूर्यभानरावांनी विचारलं, काय निघालं? ताई पण खाली उतरून जवळ आल्या होत्या. त्या म्हणाल्या, “भाऊ, मी ब्रेक दाबला होता. गाडी आपोआप ओढत होती. असं होतं का कधी?”

त्यांनी प्रश्न विचारला नव्हता हो, उत्तरच दिलं होतं. मला फक्त व्हय म्हणायचं होतं.

मी म्हणालो, “नवीन माणसाचा पाय कधी कधी ब्रेक समजून दुसऱ्याच पेडलवर पडतो, ताई. आपल्याला कळतसुद्धा नाही.”

हाच तो गुन्हा. नट विसरणं ही चूक, ती कुणाच्याही हातून होते. पण हे वाक्य मी विचार करून बोललो. सावकाश, मायेचा आवाज काढून. सूर्यभानरावांना सांगितलं की धडक चांगली जोराची बसलेली दिसते, तिच्यानंच इंजिनचा आधार निसटला. ते बायकोकडं बघून म्हणाले, “आणि तू म्हणतेस गाडी जवळजवळ थांबली होती.” ताई मागं सरकून उभ्या राहिल्या. मी परत गाडीखाली शिरलो. तिथं अंधार होता, बरं वाटलं.

नवा नट घातला, घट्ट आवळला, पत्रा सरळ केला. आवाज गेला. सूर्यभानराव खूश झाले. म्हणाले, दत्ता, तुझ्यासारखा कान नाही कुणाचा.

ताईंनी त्यानंतर गाडीला हात लावला नाही.

का नाही सांगितलं मी? भीती. सूर्यभानराव चितेगावभर बोलतील, दत्तानं नट आवळला नाही, माणूस मरता मरता वाचला. माझं नाव जाईल. ह्यापलीकडं कारण नव्हतं, आणि एवढंच कारण मला पुरलं.

पुढं काय झालं सांगतो. ताई लासूरला रेल्वेनं जायला लागल्या, तेही नवऱ्याला सोबत यायला जमेल तेव्हा. आई थकत गेल्या, मग वारल्या. लेक पूर्वीसारखी का येत नाही, असं त्या शेजारणीला विचारायच्या म्हणे. हे मला ताईंनीच एकदा बोलता बोलता सांगितलं, माझ्या गॅरेजात उभं राहून, पंक्चर काढून होईपर्यंत. मी चाकाकडं बघत ऐकलं.

घरात त्या धडकेचा विनोद झाला. पाहुणे जमले की सूर्यभानराव गोष्ट सांगायचे — आमच्या बाईसाहेबांनी ब्रेक समजून काय दाबलं, आणि म्हातारा कसा पानामुळं वाचला. माणूस वाईट नव्हता, त्याला खरंच गंमत वाटायची. त्यांच्या मुलीच्या लग्नात मीही होतो. जेवणं झाल्यावर गोष्ट निघाली. ते माझ्याकडं बोट करून म्हणाले, हा साक्षीदार आहे, विचारा. सगळे माझ्याकडं वळले. मी हसलो. ताई पानांचं तबक घेऊन उभ्या होत्या, त्याही हसल्या. आता तुम्हीच सांगा — नको, नका सांगू.

एक आणखी. त्या दिवसापासून मी आवळलेल्या प्रत्येक नटावर पिवळ्या रंगाचा टिपका देतो, म्हणजे राहिलेला लगेच दिसतो. लोकांना ते फार आवडलं. पिवळा टिपका दिसला की काम दत्ता मिस्त्रीचं, डोळे मिटून घ्या, असं म्हणायचे. त्या टिपक्यानं माझं नाव आणखी मोठं झालं.

असंच सगळं माझ्याबरोबर गेलं असतं. पण मागच्या उन्हाळ्यात ताई रिक्षानं गॅरेजवर आल्या. एकट्याच. केस पांढरे झालेले, शाळेतून निवृत्त होऊनही बरीच वर्षं झालेली. पुतण्यानं खुर्ची दिली. म्हणाल्या, सूर्यभानरावांची नजर आता भरवशाची राहिली नाही, डॉक्टरांनी गाडी चालवायला मनाई केली आहे. जुनी पांढरी तर केव्हाच विकली, आता दारात एक छोटी गाडी नुसती उभी असते. मुलगी सांगते, आई, तू शिक परत. पण धीर होत नाही.

मग म्हणाल्या, “भाऊ, तुम्ही मला शिकवलंत, तुम्हाला माझा पाय माहीत आहे, म्हणून विचारायला आले. तेव्हा मला अगदी पक्कं वाटत होतं की मी ब्रेकच दाबलाय. शपथेवर सांगितलं असतं. आणि तो चुकीचा पाय होता. ज्या बाईला स्वतःचा पाय कुठं आहे ते कळत नाही, तिनं ह्या वयात पुन्हा बसावं का?”

मला वाटत आलं होतं की मी त्यांचं गाडी चालवणं घेतलं. तेवढंच नव्हतं. ह्या बाईनं पुढची सगळी वर्षं स्वतःच्या डोळ्यांवर, स्वतःच्या आठवणीवर शंका घेत काढली होती. वर्गात, घरात, कुठल्या कुठल्या गोष्टीत, कोण जाणे.

मी म्हणालो, “ताई, पाय चुकला नव्हता.”

एवढं बोललो आणि बाकीचं आपोआप आलं. नट, गंजलेली रेघ, सळई, सगळं. गॅरेजात एक जुनी गाडी बोनेट उघडून उभी होती, तिच्यावर बोट ठेवून दाखवलं, इंजिन कुठून उचललं जातं आणि काय ओढलं जातं. थांबावंसं वाटत नव्हतं. पुतण्या काम सोडून ऐकत होता. ऐकू दिलं.

ताईंनी मधे एकदाही थांबवलं नाही. संपल्यावर म्हणाल्या, “म्हणजे मी ब्रेकच दाबला होता.”

“व्हय ताई.”

“आणि हे तुम्हाला त्याच दिवशी कळलं होतं.”

“व्हय.”

त्यांनी पुढं वाकून त्या उघड्या इंजिनाची सळई बोटानं ओढून पाहिली. मला वाटलं रडतील, नाहीतर चार शब्द सुनावतील. त्यांनी रिक्षा थांबवून ठेवली होती. उठल्या आणि म्हणाल्या, “चला. हे यांच्यासमोर बोला.”

गेलो. सूर्यभानराव पलंगावर बसून रेडिओ ऐकत होते. ताईंनी रेडिओ बंद केला आणि माझ्याकडं पाहिलं. मी उभ्यानंच सगळं पुन्हा सांगितलं. त्यांना इंजिनातलं थोडंफार कळत होतं, त्यामुळं सळईचं सांगितलं तेव्हा त्यांनी डोळे मिटून घेतले. मला वाटलं आता माझ्यावर येतील. ते माझ्याशी बोललेच नाहीत. ताई जिथं उभ्या होत्या त्या बाजूला त्यांनी तोंड फिरवलं.

“मंगल, तू सांगत होतीस,” ते म्हणाले. “मी ऐकलं नाय.”

ताई म्हणाल्या, “किती लोकांना सांगितलीत ती गोष्ट.” रागानं नाही. मोजायला बसल्यासारखं. मग माझ्याकडं वळून म्हणाल्या, “तुम्ही आता जा.”

मी माफी मागितली नाही. मागायला तोंड उघडलं होतं, पण मागितली असती तर त्यांना काहीतरी उत्तर द्यावं लागलं असतं. तेवढा बोजा कशाला पुन्हा? चपला घालून खाली उतरलो.

आता जे सांगतो ते तुम्हाला आवडणार नाही कदाचित. रस्त्यावर आलो, टळटळीत ऊन होतं, आणि मला इतकं हलकं वाटलं की मी रिक्षा न करता बस स्टँडपर्यंत चालत सुटलो. ह्या गुडघ्यांनी. वाटेत उसाचा रस प्यालो. घरी जाऊन पोटभर जेवलो, दुपारचा गाढ झोपलो. बायकोनं विचारलं, आज काय झालंय तुम्हाला? मी म्हटलं, काही नाही. म्हणजे बघा, सुटका झाली त्याच दिवशी पुन्हा एक छोटं खोटं बोललोच. तेही आता घरी सांगून निस्तरेन. पण ते हलकं वाटणं खरं होतं आणि अजून आहे. रोज सकाळी उठतो तेव्हा आधी तेच जाणवतं. त्याला माझा हक्क आहे का? नसेल. आहे मात्र.

सूर्यभानराव चितेगावभर बोलले. ज्याला मी इतकी वर्षं भीत होतो ते झालं. काही जुनी गिऱ्हाइकं पुतण्याला विचारून गेली, खरं का? तो खरं म्हणतो. काही पुन्हा आली नाहीत. ज्यांना ताईंची ती विनोदी गोष्ट सांगितली होती त्यांतल्या आठवेल तितक्यांना सूर्यभानराव फोन करून दुसरी गोष्ट सांगतात, असं ऐकलं. तीत हसण्यासारखं काही नसतं, आणि माझं नाव असतं. असावंच.

ताई परत शिकल्या. माझ्याकडं नाही — शहरात कुणी एक मुलगी बायकांना शिकवते, तिच्याकडं. परवा मी दारात बसलो होतो तेव्हा त्यांची छोटी गाडी पैठणच्या दिशेनं गेली. ताई चालवत होत्या, शेजारी सूर्यभानराव, काळा चष्मा लावून. गॅरेजपुढं खड्डा आहे, म्हणून तिथं सगळेच वेग कमी करतात. त्यांनीही केला. काच खाली होती. मी दिसलो असणार. ताईंनी मान वळवली नाही, दोन्ही हात चाकावर, नजर सरळ समोर. खड्डा ओलांडून त्यांनी गियर बदलला, जराही धक्का न बसू देता, आणि गाडी निघून गेली.